भिंतीपलीकडची खाडी

चाकोबाबद्दल गावात एक गोष्ट कुजबुजली जायची, आणि कुजबुजणारा आधी मागे वळून बघायचा. चाकोबा म्हणे तरुणपणी सायकल शर्यतीतला वाघ होता. खिंडीच्या घाटात त्याची नि त्याच्या जिवलग मित्राची चुरस लागली, उतारावर दोघंही हटेनात, आणि एका वळणावर मित्र थेट दरीत गेला. त्या दिवशी चाकोबाने शपथ घेतली, पुन्हा म्हणून सायकल चालवायची नाही. इथवर आलं की सांगणारा आवाज आणखी खाली आणायचा. "नाहीतर तुम्हीच सांगा, सायकलचं एवढं दुकान, पण मालकाला कधी सायकलवर बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. एवढं मात्र खरं होतं.

बाजाराचा रस्ता जिथे बंदराकडे उतरायला लागतो, त्या कोपऱ्यावर चाकोबाचं दुकान. छताला उलट्या टांगलेल्या सायकली, पंक्चर शोधायला पाण्याने भरलेलं घमेलं, सोल्यूशनचा वास, आणि मधोमध बैठ्या स्टुलावर चाकोबा. चाक गुडघ्यांत धरून तो तारा नखाने छेडायचा आणि कान देऊन ऐकायचा, जसा डॉक्टर छातीला नळी लावतो. "खड्ड्यात घातलीत," असं तो नुसतं म्हणाला तरी गिऱ्हाईक मान खाली घालायचं.

दुरुस्त झालेली सायकल चालवून बघायचं काम मात्र त्याच्या बायकोचं. ती पहाटे भट्टीवरचा पाव दुकानादुकानांत सायकलवरून पोचवायची, आणि उन्हं चढली की दुकानात यायची. साडीचा पदर खोचून बंदराच्या उतारावर एक चक्कर मारायची, परत आल्यावर पाय टेकायच्या आत सांगायची, "पुढचा ब्रेक उशिरा धरतोय." चाकोबा पाना उचलायचा. बघणारे मनात म्हणायचे, बिचारा, शपथ पाळतोय.

शपथ कसली घेऊन बसलात! चाकोबाला सायकल येत नव्हती.

पोरवयात तो दुकानात कामाला लागला तेव्हा मालकाने त्याच्या हातात पाना दिला, सायकल दिली नाही. हात असा बसला की पुढे दुकानच त्याच्याकडे आलं. याला सायकल येत असणारच, असं जो तो धरून चालला. मासे विकणाऱ्याला पोहता येतं का, असं कोण विचारतं? आणि मग वय झालं. मिशीला पांढरे केस आलेल्या सायकलवाल्याने मागे कुणाला तरी धरायला लावून भर रस्त्यात लटपटत शिकायचं म्हणजे दुकानाला स्वतःच्याच हाताने कुलूप लावणं. त्यामुळे शपथेची कथा फिरत फिरत त्याच्या कानावर आली, तेव्हा तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने फक्त एक उसासा सोडला. उसासा झकास जमला.

पण गंमत पुढेच आहे. सायकलीवरून कुठे हिंडावं हे सांगण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. हातात एक तुटकी तार घेऊन तो हवेत रस्ता काढायचा. "बंदर उजव्या हाताला ठेवून निघायचं. दीपगृहापर्यंत वारा पाठीशी असतो, तिथे फुशारून जाऊ नका, येताना तो सगळं वसूल करतो. पुढे मिठागरं. ऊन कोवळं असेल तरच डोळे उघडे ठेवा. मग पूल, आणि पुलापासून घाट. चौथ्या वळणावर थांबायचं म्हणजे थांबायचंच. खाली खाडी अशी पसरलेली दिसते, आणि तिच्यात नावा, तीळ सांडल्यासारख्या. तिथे जो थांबला नाही त्याने सायकल विकून टाकावी."

यातला समुद्राकाठचा रस्ता बायकोचा. दीपगृहाच्या कॅन्टीनपर्यंत ती पाव पोचवायची, आणि रात्री जेवताना वारा कसा होता, पाणी कुठवर आलं होतं, हे सांगायची. घाट मात्र चाकोबाचा स्वतःचा. टायर-ट्यूब आणायला तो खिंडीपलीकडच्या शहरात बसने जायचा, दरीच्या बाजूची खिडकी पकडून. चौथं वळण त्याने तिथूनच हेरलं होतं.

औषधवाल्याने गावात रविवारची सायकल टोळी काढली होती, ती चाकोबाच्या शब्दाबाहेर नव्हती. टोळी घाट करून आली की दुकानापाशी घाम पुसत उभी राहायची.

"चौथं वळण बघितलंत?" चाकोबा विचारायचा.

"काय सांगावं!" औषधवाला म्हणायचा.

आणि खरोखरच पुढे काही सांगायचा नाही.

असं छान चाललेलं असताना टोळीच्या वाढदिवसाला औषधवाल्याच्या डोक्यात आलं की या वेळच्या फेरीत चाकोबानेच पुढे राहायचं. तो दुकानात आला, बरोबर टोळीतल्याच, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई होत्या.

"मी?" चाकोबाच्या हातातला नट घमेल्यात पडला.

"शपथेचं ठाऊक आहे आम्हाला," औषधवाला मऊ आवाजात म्हणाला. "पण किती दिवस मनाला जाळून घ्यायचं? तुमच्या मित्रासाठी तरी या."

बाईंनी रुमाल काढला.

"आणि दुसरं असं," औषधवाला जरा जवळ सरकला, "लोकांच्या तोंडाला काय, आपण हात लावू शकत नाही. परवा माझ्याच दुकानात एकजण म्हणाला, त्याला येते तरी का सायकल? मी त्याला खोकल्याचं औषधसुद्धा दिलं नाही!"

झालं. आता नाही म्हणणं म्हणजे गावाच्या हातात कोलीत देणं, आणि हो म्हणणं म्हणजे गावासमोर आपटणं. चाकोबाने उसासा सोडून बघितला. या वेळी तो चालला नाही.

घरी बायकोला सांगितलं तर ती हसून हसून भिंतीला टेकली.

"अहो, सांगून टाका ना सरळ, येत नाही म्हणून!"

"आणि उद्यापासून पंक्चर काढायला तरी कोण येईल माझ्याकडे? घाटाचं माझं कोण ऐकेल?"

"मग शिका."

शिकवणी भट्टीच्या मागच्या आवारात झाली, भर दुपारी, सगळे झोपलेले बघून. बायकोने सीट धरली, चाकोबाने डोळे मिटले. सायकल सरळ पिठाच्या पोत्यांत गेली. उठला तेव्हा मिशीपासून चपलेपर्यंत पांढरा.

"आता शपथ कशाला," बायको म्हणाली, "दरीत गेलेल्या त्या मित्राचं भूत तुम्हीच शोभता."

चाकोबाने पीठ झटकलं आणि जे त्याला येत होतं ते करायला घेतलं. दोन जुन्या सांगाड्यांचे तुकडे केले, वेल्डिंगवाल्याकडून एकाला एक जोडून घेतले, मागच्यापुढच्या पायडलांना एक लांब साखळी घातली, पुन्हा पुन्हा खोलून बसवली. ठिणग्या उडताना या माणसाच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तयार झाली ती दोन सीटची लांबलचक सायकल.

"पुढे तू, मागे मी," तो म्हणाला.

"हँडल?"

"तुझं."

"ब्रेक?"

"तुझेच."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी पायडल मारीन आणि रस्ता सांगीन."

"म्हणजे घरात करता तेच!"

रविवारी टोळी चौकात जमली, आणि ही जोडगोळी आलेली बघून टाळ्या पडल्या. औषधवाल्याने लगेच शपथ दुरुस्त करून घेतली. "बघा, हँडलला हात लावलाय का? नाही! माणूस शब्दाला पक्का." शपथेत हँडलचा उल्लेख कालपर्यंत नव्हता, पण कुणाचीच हरकत नव्हती.

निघाले. चाकोबा आधी बायकोच्या कमरेच्या पदराला डोळे लावून बसला होता. बंदर मागे पडलं, पाठीला वाऱ्याने हात लावला आणि सायकल आपसूक धावायला लागली, तेव्हा त्याने मान वर केली. हे म्हणजे ऐकीव नव्हतं! खारट ओलावा ओठांवर येत होता. दीपगृहाची सावली अंगावरून गेली. मिठागरांच्या चौकोनांत आभाळ कापून ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि बाकी सगळे हँडल धरून समोरच्या खड्ड्याकडे बघत असताना हा एकटाच दोन्ही हात मांडीवर ठेवून चौफेर बघत होता. आपण गिऱ्हाइकांना जे सांगत आलो ते सगळं जागच्या जागी आहे, हे बघून त्याची छाती फुगली. "डावीकडे बघा!" "आता वारा फिरेल!" वारा खरंच फिरला. टोळीने माना डोलावल्या.

घाट लागला. पाव पोचवून पोचवून घट्ट झालेल्या बायकोच्या पोटऱ्या आणि चाकोबाचे ताजे पाय, सायकल कुरकुरत का होईना चढत राहिली. आणि चौथं वळण आलं.

टोळी न सांगता थांबली. सायकली उभ्या केल्या, ओळीने दरीकडे तोंड करून उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "वा!"

चाकोबा उतरला, पुढे झाला. त्याच्यासमोर दगडी भिंत होती. वाऱ्याने कुणी उडू नये म्हणून बांधलेली, चांगली डोक्याच्या वर जाणारी, शेवाळ आलेली भिंत. खाडी नाही, नाव नाही, काही नाही. बसच्या उंच खिडकीतून ही भिंत कधी त्याच्या नजरेतच आली नव्हती.

त्याने बाजूला बघितलं. सगळे भिंतीकडे टक लावून होते. सगळ्यांनी एका डोळ्याने त्याच्याकडे बघायला सुरुवात केली होती. नुसतं "वा" म्हटलं असतं तरी भागलं असतं, दुकान वाचलं असतं, घाट वाचला असता. पण सकाळपासून खरं बघून बघून त्याच्या जिभेला खोटं जड झालं होतं.

"मला इथून काही दिसत नाही," चाकोबा म्हणाला.

"अरे देवा," औषधवाला म्हणाला, "मला तर पहिल्यापासून दिसत नाही. मला वाटलं, माझी उंची कमी पडते!"

"मला वाटलं, चष्म्याचा नंबर," कुणीतरी म्हणालं.

"मी या देखाव्याचं चित्र काढलंय," चित्रकलेच्या बाई रडवेल्या झाल्या. "वर्गात लावलंय!"

"काय काढलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच. तीळ."

तोवर चाकोबाच्या बायकोने जोडसायकल भिंतीला टेकवली, कॅरियरवर पाय ठेवला आणि वर चढून बसली. "आहे हो, आहे! खाडी आहे, नावासुद्धा आहेत!" मग काय, टोळी भिंतीवर. ओळीने बसून सगळ्यांनी पाय सोडले, आणि या वेळचा "वा" जरा वेगळाच निघाला. कुणी रागावलं नाही. बाई तर म्हणाल्या, चित्र बरोबर आलंय, नुसता रंग बदलावा लागेल.

एक कबुली दिली की दुसरी सोपी जाते. "हे मी बसमधून बघितलं होतं," चाकोबा भिंतीवरूनच म्हणाला. "आणि ऐका. मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती."

औषधवाल्याने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कळतं आम्हाला," तो म्हणाला.

"किती खोल जखम आहे," बाई पुटपुटल्या. "शर्यतसुद्धा नाकारतोय."

"अहो, खरंच येत नाही!"

"नका आठवू, चाकोबा. नका त्रास करून घेऊ."

बायको दरीकडे तोंड करून तोंडात पदर कोंबून बसली होती. चाकोबाने आणखी दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. आता दुकानात कुणी विचारलं तर तो बिनदिक्कत सांगतो, मला चालवता येत नाही, आणि चौथ्या वळणावर भिंतीवर चढा. गिऱ्हाइकं दुसरं ऐकतात आणि पहिल्यावर मान खाली घालतात. जोडसायकलीसाठी लोक आगाऊ सांगून ठेवतात. रविवारी दोघं निघाली की तो मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून असा बसतो, जसा काही घाट त्याच्याच नावावर आहे.

शर्यत कधी झाली नव्हती. मित्र नव्हता. दरीत कुणी गेलं नव्हतं. भट्टीवरच्या रांगेत औषधवाल्याच्या बायकोने विचारलं होतं, तुमचे हे कधी सायकलवर दिसत नाहीत ते, आणि चाकोबाच्या बायकोने तिथल्या तिथे सगळं रचून सांगितलं होतं.