टेकडीवरची विश्रांती

सई झाली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. आता ती सात वर्षांची आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून दर रविवारी आम्ही दोघं टेकडी चढतो. परवा निम्म्या वाटेतच मला धाप लागली, पण तिच्या मैत्रिणींचे तरुण बाबा भराभर पुढे जात होते, म्हणून थांबायची लाज वाटली. तेवढ्यात सईच एका दगडावर बसली.

"बाबा, मी दमले. बस ना जरा."

मी टेकलो. तिच्याकडे पाहिलं, तर तिचा श्वास अगदी संथ चालला होता. तिच्यासाठी तब्येत सांभाळायची, असं मी ठरवलं होतं. तीही मला सांभाळत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

"गेला का तुझा थकवा?" मी विचारलं.

"तुझा गेला की माझाही जाईल," ती म्हणाली.