दात घ्यायचे राहिले

पिरंगुटच्या शेती प्रदर्शनात दादाचा स्टॉल नेमका माझ्या समोर आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. भरे गावात भात सडून तांदूळ काढायच्या छोट्या मशीनचा कारखाना आम्ही दोघं मिळून चालवायचो, तेव्हा प्रदर्शनात गिऱ्हाईक थांबवायचं कसं हे मी शोधून काढलं होतं. पत्रकं वाटायची नाहीत, चकचकीत मशीन नुसतं मांडून बसायचं नाही. बोर्डावर लिहायचं: घरचं भात आणा, डोळ्यांदेखत तांदूळ न्या. आपला दाणा मशीनमध्ये गेला की माणूस जागचा हलत नाही, वर शेजारच्यालाही हाक मारतो.

दादा वेगळा झाला तो गिऱ्हाइकांबरोबर हे वाक्यही घेऊन गेला. आता ते त्याच्या बोर्डावर होतं, माझ्यापेक्षा दुप्पट अक्षरांत. हातात माईक. भर गर्दीत मला म्हणाला, "काय रं, तुज्याकडं माश्याबी बसंनात?" लोक हसले. मीही हसलो. मनात एवढंच होतं की ह्याच लोकांसमोर ह्याचं तोंड बंद झालं पाहिजे.

भात मशीनला लावण्याआधी दाणा दाताखाली धरून बघतात. कट्‌कन तुटला तर वाळलेला. दबला तर ओला, आणि ओल्या भाताचा दाणा मशीनमध्ये फुटून त्याची कणी होते. दादाला कवळी. एकत्र होतो तेव्हा त्यानं बोलायचं आणि मी चावायचं, अशी आमची वाटणी. जाताना तो सगळं घेऊन गेला, माझे दात तेवढे राहिले.

दुपारी ताम्हिणीचे एक म्हातारे अर्धं पोतं आंबेमोहर खांद्यावर घेऊन माझ्याकडं आले. लेकीचा साखरपुडा होता, पंगतीला घरचाच तांदूळ वाढायचा होता. मी दाणा चावला. दबला. 'मामा, अजून ऊन दाखवा,' एवढंच म्हणायचं होतं. समोर दादाचा माईक चालूच होता.

"मामा, समोर जावा. त्यांचं मशीन मोठं हाय."

"भात वाळलंय न्हवं पण?"

"वाळलंय की."

दादाला तर हर्षच झाला. "बघा मंडळी, समोरचं दुकान सोडून मामा आपल्याकडं आलेत. हात राखू नका मामा, सगळं ओता."

मामांनी सगळं ओतलं. खाली घमेल्यात कणी पडायला लागली. त्यांनी मूठभर उचलून उन्हात धरली. "आरं, ह्यो तर कोंबड्यांचा दाणा झाला."

मागून कुणीतरी विचारलं, "दादा, कोंबड्याबी हायेत का इकायला?"

हशा थांबेना. दादानं माईक तोंडाजवळ धरलेला तसाच होता, त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता. मग गर्दी माझ्याकडं वळली. मी अबोल माणूस, पण त्या दुपारी घसा बसेपर्यंत बोललो.

संध्याकाळी आवराआवर चालली असताना दादा आला. मामांच्या पोत्याच्या शिवणीत अडकलेले दोन-चार दाणे त्याच्या तळहातावर होते.

"चाव."

मी एक चावला. आवाज आला नाही.

"दुपारी चावला हुतास?"

"न्हाई."

"तू? न चावता भात सोडशील व्हय?" एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

दादाचा तो चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं. हे लपवणार नाही. दुपारी मी दाणा चावला होता, हे इथलं त्याला कुणी वाचून दाखवलं तरी माझी हरकत नाही.

पण त्या संध्याकाळी मामा कणीचं पोतं पायाशी घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होते. माझ्या टेम्पोत स्वच्छ तांदळाची दोन पोती होती. त्यांनी मला ओळखून हात वर केला. मी गाडी थांबवली नाही. साखरपुड्याच्या पंगतीत काय वाढलं, हे विचारायला ताम्हिणीला जायचं माझं धाडस अजून झालेलं नाही.