पाड्यावरच्या जीपचा हीटर

"नॉब पार लाल खुणेपर्यंत फिरवलाय, ब्लोअर फुल्ल आहे, तरी गारच हवा येतेय," सुनंदा सिस्टर जीपमध्ये बसूनच म्हणाल्या.

मी अंबरनाथ पश्चिमेला गाड्यांच्या एसीची कामं करतो. आमच्या भागात हीटरची तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही. मला हसू आलं. सिस्टर हसल्या नाहीत. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून बाळंतिणींना आणि बाळांना दवाखान्यात आणायचं काम त्यांची जीप करते.

"गेल्या आठवड्यात पहाटे पावणेदोन किलोचं बाळ आणलं. दोन गोधड्यांत गुंडाळलेलं, तरी पोचेपर्यंत पाय गार. वाचलं म्हणा. पण या महिन्यात अजून दोघी आहेत, विलासदादा."

मी बॉनेट उघडलं. गाडीच्या हीटरला गॅस-बिस लागत नाही. इंजिनचं गरम पाणी, म्हणजे कूलंट, दोन नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये फिरतं. त्याला आम्ही हीटर कोअर म्हणतो. ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो, ती गरम होते. कूलंट पुरेसं होतं. इंजिनही नीट तापत होतं, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक. आता नळ्या. दोन्ही गरम लागायला हव्यात.

नळ्या आत गेल्याच नव्हत्या. इंजिनमधून निघालेली नळी वळवून परत इंजिनलाच जोडलेली होती. क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता.

क्लॅम्पखाली असा तुकडा या भागात मीच लावायचो.

मग आठवलं. ही जीप आधी उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याची होती. कोअर लीक झाला होता. "इधर हीटर कौन चलाता है? बंद कर दे," तो म्हणाला होता, आणि मी अर्ध्या तासात बायपास करून दिला होता.

"सिस्टर, हे मीच केलंय."

सिस्टर जीपमधून उतरल्या. "मग तुम्हालाच उलगडता येईल. कधी देता?"

"परवा सकाळी."

या मॉडेलचा नवा कोअर मिळेना. उल्हासनगरात भंगारवाल्यांकडे दोन सापडले. टोकं बंद करून, हवा भरून पाण्यात बुडवले. पहिल्यातून बुडबुडे आले. दुसरा टिकला. अख्खा दिवस डॅशबोर्ड खोलण्यात गेला. सगळं जोडून इंजिन चालू केलं, तर हवा जेमतेम कोमट.

नळ्या पुन्हा चाचपून बघितल्या. मग लक्षात आलं, पाण्यात हवा अडकलीय. इंजिन थंड होऊ दिलं. जीप चढावर, तोंड वर करून उभी केली, रेडिएटरचं झाकण काढून इंजिन पुन्हा चालू केलं. बुडबुडे येत गेले, मी कूलंट भरत गेलो. बुडबुडे थांबले तसं झाकण लावलं. थोड्या वेळानं हात डॅशबोर्डच्या जाळीसमोर धरवेना.

आठ दिवसांनी सिस्टरांचा फोन आला. "मुलगी झाली. आई-बाळ दोघी पोचल्या. पाय गरम आहेत. ड्रायव्हर मात्र घामानं भिजलाय."

अजूनही गळका हीटर बंद करून मागणारे येतात. मी म्हणतो, करतो, पण गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला तुम्हीच सांगायचं. बरेच जण जरा विचार करतात आणि म्हणतात, राहू दे, दुरुस्तच करा.