दुसरी प्रतिपदा

बापूमामा गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी त्यांनीच पाठवलेलं पंचांग बघत होते. शेजारणीला श्रावणातला एखादा बरा दिवस हवा होता, म्हणून ते खिळ्यावरून काढलं होतं. मामांचा मुलगा मधू याने चारच ओळी लिहिल्या होत्या. बाबा पहाटे झोपेत गेले, त्रास काही झाला नाही, तेराव्याला ये. शेजारीण बिचारी चष्मा पुसत उभी राहिली आणि मी तिला दिवस न सांगताच आत निघून गेले. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस झोपेत जातो, त्यात रडण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. पण मला रडू येत होतं ते निराळ्या कारणानं. एक गोष्ट त्यांच्या देखत सांगायची होती, ती आता राहिली.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमचं घर दिवेआगरला, नारळी-पोफळीच्या वाडीत, आणि मामा जवळच बोर्लीच्या शाळेत मास्तर. गणित शिकवायचे. सन पंचविसाच्या आसपास कधीतरी त्यांनी मुंबईहून एक जुनी सायकल आणली. ती गलबतातून उतरवली तेव्हा अर्धं गाव बघायला गेलं होतं म्हणे. काळी, अवजड, मागे लोखंडी कॅरिअर. ब्रेक एकच, तोही मनात येईल तेव्हा लागायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या सायकलीला 'बापूची रेडी' म्हणत.

अण्णांना मुलींनी शिकणं पसंत नव्हतं. मामांनी चार वर्षं त्यांच्याशी गोड बोलून, भांडून, मधे एकदा जेवायला येणंही बंद करून, मला सातवीच्या, म्हणजे फायनलच्या वर्गापर्यंत आणलं होतं. शेवटी अण्णा म्हणाले, "एकदा बसू दे. पास झाली तर पुढचं बघू. नाही तर पेणचं स्थळ आहेच, वैशाखात उडवून टाकू." अण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि पेणच्या त्या स्थळाला आधीच्या बायकोची दोन मुलं होती.

परीक्षा म्हसळ्याला, सकाळी अकराला. दिघीहून मचवा सुटे आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाडीने वर म्हसळ्याला जाई. पाणी फिरलं की तो सुटायचा, तीन तासांत पोचवायचा आणि दिवसातून एकदाच जायचा. आमच्याकडे भरती काढायला घड्याळ नको, तिथी पुरते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते आणि त्याच्या सहा तास आधी पाणी फिरतं. आदल्या दिवशी मामा म्हणाले, "यमे, उद्याची भरती तूच काढ. गणिताची परीक्षा देणार ना?" मी बोटांवर मोजलं. काल हनुमान जयंती झाली म्हणजे पौर्णिमा, आज प्रतिपदा, उद्या द्वितीया. दोन पाऊण दीड. दीडला भरती, म्हणजे पाणी फिरणार सव्वासात-साडेसातला. पंचांग माजघरात हाताच्या अंतरावर लटकत होतं. मी मान वर करूनही पाहिलं नाही. मामांनी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी मला कॅरिअरवर बसवून मामा दिघीला पोचले तेव्हा सात वाजायला आले होते. धक्का मोकळा होता. मचव्याचं शीड खाडीत लांबवर दिसत होतं. जाळं तुणत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्यानं मान वर केली.

"गेला नं मचवा, मास्तर. पानी फिरला तसा सुटला."

"अरे, पण आज द्वितीया ना?"

"बीज कुठली? बीज उद्या हाय. आज पन पाडवाच. औंदा दोन पाडवे आले, न्हाय ठाव?"

त्या पंधरवड्यात प्रतिपदा दोन दिवस होती. पंचांगात दोन ओळींत दोनदा छापलेली होती, आणि मी ती एकच धरली होती. म्हसळा तिथून जमिनीवरून सोळा-सतरा मैल, मधे डोंगर. बैलगाडी दुपार टळल्याशिवाय पोचायची नाही. मामांनी खाडीकडे एकदा पाहिलं, धोतराचा काचा मारला आणि म्हणाले, "बस मागे."

बोर्लीपर्यंतचा रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा. तिथून पुढे घाटी लागली. संस्थानाचा रस्ता म्हणायचा, पण नुसता जांभ्याचा चुरा आणि लाल फुफाटा, त्यात गाड्यांच्या चाकोऱ्या. चैत्रातलं ऊन नऊलाच डोक्यावर आल्यासारखं तापत होतं. समुद्राचा वारा मागे राहिला आणि ऐन-किंजळीच्या रानात पानसुद्धा हलेना. त्या चढावर रिकामी सायकलही लोक हातात धरून नेत. सरळ चढता येईना म्हणून मामा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वळणं घेत चढू लागले. डाव्या कडेला आलो की खाली दरी दिसायची, आणि चाक दगडावरून घसरलं की मी डोळे मिटून घ्यायची. त्यांच्या सदऱ्याची पाठ आधी भिजली, मग लाल झाली.

"मामा, मी उतरते. पळत येते मागून."

"पळून दमशील. तिथे जाऊन… तीन तास… लिहायचंय."

"मामा, चूक माझी आहे हो. मी पंचांग बघितलंच नाही…"

"पाऊणकी म्हण."

"काय?"

"पाऊणकी. मोठ्यानं. माझे पाय… तालावर पडतील."

मी पाऊणकी म्हणू लागले. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड… दीडशी आले आणि हुंदका फुटला. मामा ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "पुढे!" तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन. रडत, नाक पुसत, तीसपर्यंत गेले आणि पुन्हा एकपासून आले. अशा किती पाऊणक्या झाल्या, देव जाणे. एका वळणावर सायकल जागच्या जागी थांबली. पुढे जाईना, पडेना. मामांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस माझ्यापायी इथेच कोसळणार. त्या क्षणी मला परीक्षा नको होती, पेणचं स्थळ चाललं असतं. मग पायडल हळूच खाली गेलं आणि चाक फिरलं.

माथ्यावर मामांनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. पाणी प्यायलासुद्धा थांबले नाहीत. उताराला तो एकुलता ब्रेक पुरणार नव्हता, म्हणून रस्त्याकडेची ऐनाची पानांसकट फांदी मोडून त्यांनी कॅरिअरला मागे बांधली. फांदी जमिनीवर घासली की सायकल आवरते, ही त्यांची युक्ती. निम्म्या उतारापर्यंत ती पुरली. मग दोरीच तुटली आणि फांदी मागे राहिली. सायकल सुटली ती सुटलीच. मामांनी डावा पाय जमिनीला लावला आणि तसाच घासत नेला. वहाण फाटल्याचा आवाज मी ऐकला. त्यांच्या पायाकडे बघायची मला भीती वाटत होती.

शाळेच्या दारात पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती. पर्यवेक्षकांनी दार अर्धं लोटलं होतं. त्यांनी आम्हा दोघांकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आम्ही दोघं नखशिखान्त लाल, आणि विचारलं, "कुठून आलात?" मामा म्हणाले, "दिघीहून. घाटीनं." ते गृहस्थ दार उघडून बाजूला झाले. मी आत जाणार तेवढ्यात मामांनी माझा खांदा धरला.

"हे बघ, भरती मी काढली होती. कळलं? अण्णांनी विचारलं, कुणीही विचारलं, तरी मी. ज्या पोरीला तिथी मोजता येत नाही ती परीक्षा काय देणार, असं त्यांनी म्हणता कामा नये."

मी मान डोलावली. त्या दगडी पायरीवर त्यांच्या डाव्या टाचेचा ओला ठसा होता, तो मी ओलांडून आत गेले.

चार दिवसांनी घरी आले तर सगळं गाव मामांना 'दोन पाडव्यांचे मास्तर' म्हणू लागलं होतं. अण्णा तर पाटावर बसल्या बसल्या विचारत, "काय बापू, आज तीज, की अजून पाडवाच?" मामा हसून भातावर आमटी ओतून घेत. मी पास झाले. पेणचं स्थळ गेलं. पुढे ट्रेनिंगला गेले, मास्तरीण झाले, हेडमास्तरीणही झाले, आणि तीस वर्षं पोरींना गणितच शिकवलं. मामांकडून मात्र सुपारी चढवायच्या गलबतांची भरती काढून घेणं गावानं बंद केलं. पूर्वी त्यांच्याशिवाय पान हलत नसे. त्यांना ते लागलं होतं, मला ठाऊक आहे. ओहोटीच्या वेळी ते उगाच धक्क्यावर जाऊन उभे राहत.

मी का बोलले नाही? आधी अण्णांची भीती होती. अण्णा गेले, मग सांगून काय उपयोग असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर गणिताच्या बाईंना स्वतःची फजिती सांगवेना. एकदा, मामांच्या पंच्याहत्तरीला, मी तोंड उघडलं होतं. ते टाचेला तेल चोळत बसले होते. ती टाच शेवटपर्यंत थंडीत ठणकायची. म्हणाले, "आता कशाला, यमे? एवढी वर्षं लोक हसतायत, त्यांना दुसरं काय आहे?" आणि मी सुटले. त्यांनी मला पुन्हा एकदा सोडवलं आणि मी पुन्हा एकदा सुटले.

तेराव्यालाही तेच झालं. जेवणं झाल्यावर मधूनं नातवंडांना दोन पाडव्यांची गोष्ट सांगितली. पोरं खदखदून हसली. "एवढे गणिताचे मास्तर, आणि तिथी चुकले!" मी सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

मी नोकरीला लागले तेव्हापासून दर चैत्रात मामांचं पंचांग टपालानं येई. सोबत पत्र नसे. वर्षभरात जी जी तिथी दोन दिवस येते तिच्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ मारलेली असे, बस. आमच्या दोघांशिवाय त्या रेघेचा अर्थ कुणाला कळायचा नाही. यंदाचं पंचांग समोर आहे. शेवटच्या रेघा वाकड्या आहेत. मार्गशीर्षात पंचमी दोन दिवस आहे, तिथे रेघ आहे. माघातली प्रतिपदा दोनदा आहे, तिच्याखाली तर दोन रेघा आहेत.

काल त्या रेघांच्या शेजारी मी शाईनं लिहिलं, भरती मी काढली होती, आणि खाली सही केली. आता हा लेख छापून आला की त्याचं कात्रण त्याच पानात घालून मधूकडे पाठवणार आहे. नातवंडांना वाचून दाखव म्हणावं, मोठ्यानं.