जांभूळच्या खळ्यावर उतरणारं विमान

आमच्या ह्यांना, म्हणजे मधूंना, रिटायर झाल्यावर विमानाचं वेड लागलं. खरं विमान नव्हे. हातभर पंखांचं, घरी बनवलेलं, रिमोटवर उडणारं. अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर होते तेव्हा माणसं ह्यांना वचकून असायची. आता माझ्या जेवणाच्या टेबलावर पंख चिकटवत बसतात आणि मी ओरडले की बहिरे होतात.

विमान बनवणं एक वेळ सोपं, ते उडवायला जागा मिळणं महाकठीण. मोरिवलीमागच्या मोकळ्या प्लॉटवर शेड उभी राहिली. बदलापूरच्या मैदानातून क्रिकेटवाल्यांनी हाकललं. एका सोसायटीच्या वॉचमनने तर विचारलं, "काका, ड्रोन से किसके घर में देख रहे हो?" त्या दिवशी ह्यांनी विमान माळ्यावर टाकलं आणि गप्प बसून राहिले. ते गप्प बसणं मला टेबलावरच्या पसाऱ्यापेक्षा जास्त खुपलं.

मग जवळच्या जांभूळ गावातले ओळखीचे शेतकरी बाळाजी यांनी आपला माळ दिला. "गुरंच चरतात तिकडं, उडवा की," एवढंच म्हणाले. पण माळ खडकाळ. उतरताना दर वेळी विमानाचं चाक तुटायचं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ह्यांना माळाला लागूनच एक गोल, गुळगुळीत जागा दिसली. ह्यांना वाटलं, देवच पावला! विमान अलगद तिथं उतरवलं आणि बूट घालूनच उचलायला गेले.

बाळाजींच्या पत्नी विठाबाई घरातून धावत आल्या. "पायतान घालून खळ्याव? भात यायचंय अजून तिथं!" भात झोडण्यासाठी शेणाने सारवलेलं खळं होतं ते, अजून पुरतं वाळलंही नव्हतं. बुटांचे ठसे सगळीकडे उमटलेले. "आता माळाव पन पाय ठेवू नका," त्यांनी ठणकावलं.

मला राग आला तो ह्यांचाच. शेतकऱ्याचं खळं म्हणजे देवघर, एवढं कळू नये? घरी येऊन म्हणतात कसे, माफीचा मेसेज पाठवतो. मी म्हटलं, "मेसेज कसला पाठवताय? उद्या सकाळी चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. विठाबाई बोलेनात. मग ह्यांनी शेणाची पाटी पुढे ओढली, पँट दुमडली आणि गुडघे टेकून सारवायला लागले. इतकं गचाळ सारवण मी जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटी विठाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "सायेब, उठा आता. तुमी तर खळ्याची पार वाट लावाल." मग निकालही त्यांनीच दिला: धान्य घरात जाईपर्यंत विमान बंद. त्यानंतर खळं मोकळं, पण अनवाणी यायचं.

तो हिवाळा ह्यांचा झकास गेला. रविवार उजाडला की माझ्याआधी उठून चहा करायचे, यावरून काय ते समजा.

यंदा मात्र गावात भात झोडायचं मशीन आलं. झोडणी रस्त्याकडेलाच उरकली, असं बाळाजींनी फोनवर सांगितलं. खळंच लागणार नसेल तर ते सारवणार कोण? ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "गेली, हीसुद्धा जागा गेली," म्हणाले. निदान भेटून तरी येऊ, म्हणून मी ह्यांना बळेच बाहेर काढलं.

जाऊन बघतो तर खळं सारवलेलं. आणि नुसतं गोल नव्हे, माळाच्या अंगाने लांबच लांब वाढवलेलं, तिथले दगड उचलून बाजूला रचलेले. विठाबाई हात धूत होत्या.

"भात मशीनव झोडलं," त्या म्हणाल्या. "हे तुमच्यासाठी. गोलात मावत नाय तुमचं विमान, दर टायमाला बांधाव आपटतंय."

ह्यांनी तिथंच वाकून बूट काढले. मला तर रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.