BJ झालं की BL

आज सकाळी माझी अक्का गेली. पोटच्या पोरानं तिच्या नवऱ्याची जागा दुसऱ्याला दिली, हे मनात घेऊन गेली.

पोराला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

कुठून असणार? अक्कानं कधी सांगितलं तर ना! तोंडाला कुलूप, जन्मभर.

सत्तरच्या दशकातलं आमचं सोलापूर. अख्खी गल्ली मागावर जगायची. अक्का आणि तिचे यजमान, आमचे नरसय्या दाजी, एकाच चादरीच्या कारखान्यात.

दाजी डिझाइन काढायचे आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचे. अक्का ते पत्ते क्रमानं दोऱ्यानं ओवायची. तो जुडगा मागावर चढला की चादरीत मोर उतरायचा.

पत्त्यांना नंबर असायचे, म्हणून अख्ख्या डिझाइनला अक्षर. A, B करत करत Z. मग AA, AB. ती अक्षरं रंगवायचं काम अक्काचं. इंग्रजी तिला तेवढंच यायचं, पण काय ऐट होती त्याची!

BK चालू होतं आणि दाजींना कावीळ झाली.

आठवडासुद्धा काढला नाही माणसानं. पत्ते अर्धेच झाले होते.

रमेश तेव्हा पोटात.

मालक वाईट नव्हते. म्हणाले, हा अर्धा जुडगा मोडू आणि पुढच्या डिझाइनला BK देऊ. मधलंच अक्षर गळालं तर व्यापारी विचारत बसतील.

अक्का एवढंच म्हणाली, "वद्दु." आमच्या घरच्या तेलुगूत, नको.

आणि पुढच्या डिझाइनवर BL रंगवून मोकळी झाली.

मग तो रिवाजच पडला. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी सांगायचे, हितं BJ झालं की BL. का, ते कुणी विचारायचं नाही. अर्धा जुडगा खिळ्याला तसाच लटकलेला.

पुढं कारखाना मोडला. मालकांनी जुनी डिझाइनं अक्कालाच देऊन टाकली. आता रमेश त्याच डिझाइनांच्या चादरी काढतो.

परवा त्यानं सगळं डेटाबेसमध्ये घातलं. एक क्वेरी मारली की A पासून ZZ पर्यंत अक्षरं आपोआप तयार, एक म्हणून सुटत नाही. लॅपटॉप घेऊन दवाखान्यात गेला, आईला दाखवायला. लई हौसेनं गेला हो.

BK समोर काही नव्हतं. मोकळी जागा दिसली, त्यानं नवं डिझाइन टाकलं होतं. मशीनला काय कळतंय, तिथं कोण बसलंय ते.

अक्कानं स्क्रीन बघितली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्याला वाटलं, दमली असेल.

संध्याकाळी मी गेले तर मला म्हणाली, "ह्यांच्या जागी दुसरं बसवलंय गं त्यानं."

मी तिथल्या तिथं उठले. म्हटलं, थांब, आत्ता सांगते त्याला.

तिनं हात धरला. "नको. पोराला लागंल. बापाचं तोंडसुद्धा बघितलं न्हाय त्यानं."

राग येतोय अक्का मला तुझा. लई राग येतोय. लेकराला एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? दोघं मिळून रडला असतात.

आज सगळं उरकून घरी आलो आणि मी रमेशला सांगितलं.

तो उठला. अंघोळ करून, ओल्या केसांनीच, कॉम्प्युटरपुढं बसला.

मग मला हाक मारली. नवं डिझाइन काढून टाकलं होतं. क्वेरी बदलली होती. पुन्हा चालवून दाखवली.

BH, BI, BJ, BL.

"मावशी, असंच होतं का?"

व्हय रे बाळा. असंच होतं.

अक्का, दाजी भेटले की त्यांना सांग, तुमची जागा मोकळी आहे. तुमच्या पोरानंच ठेवलीय.

ये आता. नमस्कार करते तुला.