आत्याने जॅक निवडला

माझी आत्या दुकानात शिरली की आधी वस्तूकडे बघत नसे, दुकानदाराकडे बघे. माणूस वस्तू विकायच्या घाईत आहे की त्याला तिच्यातलं काही कळतं, हे ती तेवढ्यात ठरवून टाकी, आणि बहुतेकदा निकाल दुकानदाराच्या विरुद्ध लागे. डहाणूत ती मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाल्यावरही सगळा गाव तिला ‘मोठ्या बाई’च म्हणायचा. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, “दाखवलेले सगळे पाहिले होते की.” एवढ्यावर तो विषय संपे.

आत्या आता नाही. तिच्या आठवणी सांगताना लोक शाळेच्या सांगतात. मला मात्र ती गॅरेजमध्ये उभी दिसते, साडीचा पदर कमरेला खोचून, लोखंडी दांडा हातात घेऊन.

तिच्याकडे एक छोटी जुनी गाडी होती आणि घराच्या बाजूला शटर लावलेलं, कोबा केलेलं गॅरेज. दर शनिवारी ती गाडी घेऊन गंजाडला जायची, अंथरुणाला खिळलेल्या सुशीलाबाईंकडे. दोघींनी एका शाळेत उभा जन्म काढला होता. आमच्या बाबांना, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाला, हे पसंत नव्हतं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे रुळावर न चालणाऱ्या प्रत्येक वाहनाबद्दल त्यांना संशय. गाडी विकून टाक, रिक्षा लावून देतो, असं ते दर महिन्याला सांगायचे. आत्या ऐकून घ्यायची आणि शनिवारी गाडी काढायची.

समुद्राची हवा गाडीला खालून खाते. आत्याचा गॅरेजवाल्यांवर विश्वास नव्हता. ते वरून पुसतात आणि खालचं केलं म्हणून सांगतात, असं तिचं म्हणणं. म्हणून पावसाळा संपला की गाडीच्या पोटाला गंज न धरणारा रंग ती स्वतः द्यायची. एका वर्षी गाडीबरोबर आलेला तो वेलदोड्याएवढा जॅक कलला, आणि दाराखालचा पत्रा चेपला. आत्याने जॅक उचलून भंगाराच्या कोपऱ्यात टाकला आणि जाहीर केलं, की आता गॅरेजमध्ये ठेवायचा, चाकांचा, नीट जॅक घ्यायचा.

बाबा हसले. “या वयात लोक गुडघ्याची वाटी बदलतात आणि ही जॅक आणणार.”

त्या हसण्यात काय होतं ते आम्हा तिघांनाही कळत होतं. जॅक आला तर गाडी राहणार, गाडी राहिली तर आत्या कोणाला न विचारता गंजाडला जाणार. नाही जमलं, तर पुढच्या महिन्यात रिक्षावाला दाराशी उभा.

मी तेव्हा तलासरीला पंचायत समितीत नोकरीला होतो, आणि फोनवर वस्तू मागवण्यात स्वतःला फार हुशार समजत होतो. पाच चांदण्यांचा एक जॅक मागवला. लालभडक, चकचकीत, आत्याच्या चपलेपेक्षा थोडा मोठा. तिने तो जमिनीवर ठेवला. दांडा इतका आखूड, की तो मारायला उकिडवं बसावं लागे. मी म्हटलं, शेकडो लोकांनी चांगला म्हटलंय. ती म्हणाली, “खोकं उघडल्या दिवशी सगळे खूशच असतात. वर्षाने कोण लिहायला बसतं?” मग खोक्यावरचं ‘दोन टन’ वाचून तिने विचारलं, त्यात रंगाचं वजन धरलंय का. जॅक परत गेला.

मग आम्ही तलासरीला गेलो. हायवेवर ट्रकच्या सामानाची दुकानं आहेत. पहिल्या दुकानातल्या शेठने आत्याला आणि मला पाहिलं, आणि माझ्याशी बोलायला सुरुवात केली. आत्याने मध्येच विचारलं, की तुमचा जॅक किती खाली बसतो, कारण माझी गाडी बुटकी आहे. शेठने बाटलीसारखा उभा, ट्रकचा जॅक काऊंटरवर आपटला आणि म्हणाला, याने हत्ती उचलतो. आत्या म्हणाली, माझ्या गाडीखाली हत्ती जात नाही. मग त्याने चाकांचा एक काढला. आत्याने त्याला त्याचीच गाडी उचलायला लावली. तोवर शेठ वैतागला होता.

“बेन,” तो म्हणाला, “घरी कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना पाठवा ना. त्यांना समजेल.”

“घरी एक आहेत,” आत्या म्हणाली. “त्यांना रेल्वेचं टाइमटेबल समजतं. तुम्ही उचला.”

गाडी वर गेली. आत्याने पर्समधून खडू काढला. निवृत्त होऊनही तिच्या पर्समध्ये खडू असायचा. जॅकचा हात जिथे थांबला होता तिथे शेजारच्या खांबावर रेघ मारली आणि शेठकडे चहा मागितला. स्टुलावर बसून तिने तो बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायला. मी घड्याळाकडे बघत होतो आणि शेठ माझ्याकडे. चहा संपला तेव्हा जॅकचा हात रेघेच्या बोटभर खाली उतरला होता.

शेठ म्हणाला, एवढं तर चालतं.

“तुमच्या पोटावर चालेल?” आत्याने विचारलं, आणि चहाबद्दल आभार मानून उठली.

दुसऱ्या दुकानात एक अबोल माणूस होता. त्याने विचारलं, जमीन कसली आहे. आत्या थबकली. कोबा आहे, असं सांगून तिने मान हलवली आणि माझ्याकडे एक नजर टाकली. तिचा अर्थ मला नीट कळला: मी, शेठ, फोनवरचे शेकडो लोक, कोणालाच हे सुचलं नव्हतं. त्याचा जॅक रुंद बुडाचा होता, गाडीखाली सहज सरकत होता, आणि दांडा कमरेएवढा उंच. आत्या ताठ उभी राहून तो मारू शकत होती. सोडताना गाडी धाडकन न पडता, म्हातारी माणसं खुर्चीत बसतात तशी हळू बसत होती. इथेही खडूची रेघ झाली, इथेही चहा झाला. रेघ हलली नाही. गाडी नुसत्या जॅकवर सोडून खाली कधी जायचं नसतं, म्हणून लोखंडी स्टँडची जोडीही घेतली.

घरी आल्यावर तिने जॅकच्या वरची, गाडीला टेकणारी गोल वाटी बाबांना दाखवली. “गुडघ्याची वाटी डॉक्टर निवडतो. ही मी निवडली.”

त्या पावसाळ्यानंतर तिने रंग दिला तेव्हा बाबा बघायला आले. काहीतरी खोट काढायचीच म्हणून ते वाकले आणि स्टँड लावायच्या आधीच डोकं गाडीखाली घातलं. आत्या ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, “बाहेर ये.” एवढा हळू आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. बाबा बाहेर आले. तिने दोन्ही बाजूंना स्टँड लावले, गाडी त्यांवर टेकवली, हाताने हलवून पाहिली. “आता जा आत, आणि हवं तेवढं हस.” बाबा आत गेले नाहीत. रिक्षाचा विषयही त्यानंतर त्यांनी काढला नाही.

पुढे बरीच वर्षं गाडी गंजाडला जात राहिली. मग एका शनिवारी दुपारी मला आत्याचा फोन आला. आशागडजवळ रस्त्याच्या कडेला उभी आहे, येऊन गाडी चालव, म्हणाली. मी मोटारसायकलने गेलो. ती मागच्या सीटवर बसली होती. उजवीकडून आलेला सायकलवाला तिला दिसलाच नव्हता. त्याला काही झालं नव्हतं, तो शिव्या देऊन निघूनही गेला होता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की डोळ्यांची बाजूची नजर जाते आहे आणि गेलेली परत येणार नाही. पण निर्णय तिने तिथेच, रस्त्यावर घेतला होता. घरी पोचल्यावर बाबांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “तुझं बरोबर होतं असं नाही. माझे डोळे चुकले.”

त्या रात्री बाबा जेवले नाहीत, हे आईने सांगितलं.

गाडी घ्यायला माणसं येऊ लागली. एकाने टायरला लाथ मारून पाहिली, त्याला आत्याने पाणीही विचारलं नाही. एकाने फक्त गाण्याचा आवाज तपासला. मग तलासरीकडच्या एका उपकेंद्रात काम करणारी रेखा नावाची नर्स आली. तिला पाड्यांवर फिरायला गाडी हवी होती. आत्याने जॅक तिच्यासमोर सरकवला.

“उचल.”

रेखाने जॅक चुकीच्या जागी लावला. मी बोलणार होतो, आत्याने हात वर करून मला थांबवलं. रेखा दांडा मारायला गेली, थांबली, गुडघ्यांवर बसून खाली वाकून बघितलं, आणि जॅक पत्र्याच्या जाड कडेखाली नेला. गाडी वर गेल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. “बाई, आता हिला टेकू कशाचा द्यायचा?”

आत्याने स्टँड पायाने तिच्याकडे ढकलले. गाडी रेखाची झाली, जॅक आणि स्टँडसकट. ते कशाला दिलेस, असं मी विचारलं. “रिकाम्या गॅरेजमध्ये काय उचलू? पंखा?”

रेखा गाडी न्यायला आली तेव्हा आत्या फाटकापर्यंत आली. सूचना दिल्या नाहीत. शुभेच्छाही दिल्या नाहीत. काच नीट पुसलेली नाहीस, एवढंच म्हणाली. रेखाने काच पुसली आणि गाडी निघाली. आत्या गजांना धरून उभी राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत तिला आता दिसत नव्हतं.

“वळली का?” तिने विचारलं.

“वळली.”

“इंडिकेटर दिला?”

रेखाने दिला नव्हता.

“दिला,” मी म्हणालो.

आत्याने मान हलवली आणि फाटकाची कडी लावायला हात पुढे केला. कडी तिला लगेच सापडली नाही. मी बाजूला उभा राहिलो, ती सापडेपर्यंत.